ताटाची किंमत आणि हातांचा हिशेब

कोणत्या उपाहारगृहात जेवायला जावे, या प्रश्नाची चर्चा पक्षाच्या साप्ताहिकात व्हावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. बेकारी, शेतमालाचे भाव, कामगार कायद्यांची मोडतोड असे विषय समोर असताना नामवंत बल्लवाचार्यांच्या ताटांची उठाठेव कशाला, असेही कोणी विचारील. तथापि सुस्थित वर्ग आपला वरकड पैसा कशावर खर्च करतो आणि त्या खर्चाला कोणती प्रतिष्ठा चिकटवतो, यावरून समाजाच्या अर्थव्यवस्थेचे जेवढे दर्शन घडते तेवढे अंदाजपत्रकी भाषणांतूनही घडत नाही. गेल्या तीन-चार दशकांत आचारी हा भटारखान्याच्या धुरातून बाहेर पडून चित्रपटातील नटांच्या पंक्तीला जाऊन बसला. भारतात १९९३ साली सुरू झालेल्या 'खाना खजाना' या कार्यक्रमामुळे संजीव कपूर घराघरांत पोचले. आता परदेशी सहलीला निघालेले मराठी कुटुंबदेखील संग्रहालयाच्या तिकिटांबरोबर एखाद्या ख्यातनाम आचाऱ्याच्या उपाहारगृहातील जागा महिनोन्‌महिने आधी राखून ठेवते. तेव्हा अशा ठिकाणी जाण्यात काही अर्थ आहे काय, हा प्रश्न केवळ पॅरिस-कोपनहेगनच्या धनिकांचा उरलेला नाही. त्याचे उत्तर एकट्या जिभेने द्यायचे की त्यात हिशेबालाही स्थान द्यायचे, एवढाच वाद आहे.

प्रश्न कोणी विचारला?

एखादे उपाहारगृह 'जाण्याजोगे' आहे की नाही, हा प्रश्न आज ज्या स्वरूपात विचारला जातो ते स्वरूप त्याला एका टायर बनविणाऱ्या कंपनीने दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. फ्रान्समधील मिशलॅं कंपनीने १९०० साली मोटारी बाळगणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली व ती फुकट वाटली. लोकांनी मोटारी अधिक हाकाव्यात म्हणजे टायर अधिक झिजतील आणि अधिक खपतील, हे त्यामागचे साधे व्यापारी गणित होते. पुढे १९२६ पासून उत्तम उपाहारगृहांना तारे देण्यास प्रारंभ झाला. तीन ताऱ्यांची पद्धत आल्यावर तिसऱ्या ताऱ्याचा अर्थ असा ठरला की, केवळ त्या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करून जावे अशी त्याची योग्यता आहे.

या परीक्षणाचे निकष कंपनीने जाहीर केलेले आहेत. पदार्थांचा कस, पाककौशल्य, चवींचा मेळ, ताटातून प्रकट होणारे आचाऱ्याचे व्यक्तिमत्त्व आणि पुन्हा पुन्हा तीच गुणवत्ता राखण्याची क्षमता, अशा पाच गोष्टी परीक्षक पाहतात. ते ताट ज्यांनी सिद्ध केले त्यांना वेतन मिळाले काय, ते किती तास उभे होते, याची नोंद या पाचांपैकी एकाही रकान्यात होत नाही. परीक्षक लबाड असतात असा याचा अर्थ नव्हे. बाजारात वस्तू येते तेव्हा ती निर्माण करणारे श्रम तिच्यामागे झाकले जातात, हे मार्क्सने दाखवून दिले त्यालाही आता दीड शतक उलटून गेले. सुंदर मांडलेले ताट ही त्या झाकपाकीची अत्यंत मोहक आवृत्ती आहे, इतकेच. म्हणून 'जाण्याजोगे आहे काय' हा प्रश्न टाकून देण्याचे कारण नाही. त्याचे उरलेले रकाने भरले पाहिजेत.

नोमाचा धडा

या दृष्टीने डेन्मार्कमधील 'नोमा' या उपाहारगृहाची हकिगत तपशिलाने पाहण्याजोगी आहे. कोपनहेगनच्या बंदरावरील एका जुन्या वखारीत २००३ साली हे उपाहारगृह सुरू झाले. त्याचे प्रमुख आचारी रेने रेड्झेपी आणि उद्योजक क्लाउस मायर यांनी असा निश्चय केला की, उत्तरेकडील देशांत जे पिकते, उगवते अथवा समुद्रातून मिळते त्यावरच आपला स्वयंपाक उभा करायचा. ऑलिव्हचे तेल आणि दक्षिण युरोपातून येणारा माल यांवाचून प्रतिष्ठित जेवण होऊच शकत नाही, अशी समजूत त्या देशांत रूढ होती. तिला छेद देऊन रानभाज्या, शेवाळ, समुद्रवनस्पती, रानफळे, इतकेच काय पण मुंग्यासुद्धा ताटात आल्या. २००४ साली तेथील आचाऱ्यांनी याच तत्त्वांचा एक जाहीरनामा प्रसिद्ध केला. लहान शेतकरी, कोळी आणि रानातून वनस्पती गोळा करणारे लोक यांना त्यामुळे नवे गिऱ्हाईक मिळाले. ज्या देशाने परक्या पाककलेपुढे सतत मान तुकवली होती त्याने आपल्या मातीचा अभिमान धरावा, यात स्वदेशीचा संस्कार झालेल्या मराठी वाचकाला काही गैर वाटणार नाही. किंबहुना नोमाचे हे कर्तृत्व मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे.

जगातील सर्वोत्तम पन्नास उपाहारगृहांच्या यादीत नोमा २०१०, २०११, २०१२, २०१४ आणि २०२१ अशा पाच वेळा पहिले आले. २०२१ मध्येच त्याला मिशलॅंचा तिसरा तारा मिळाला. तेथील एका माणसाचे जेवण पुढे सुमारे ५०० डॉलरांवर, म्हणजे २०२३ च्या आरंभीच्या दराने साधारण ४० हजार रुपयांवर गेले.

हा आकडा वाचताच समाजवादी कार्यकर्त्याला १९६३ साली लोकसभेत डॉ. राममनोहर लोहियांनी केलेल्या 'तीन आणे' भाषणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. २०२२-२३ या वर्षात महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २५६ रुपये होती. हमीचे शंभरच्या शंभर दिवस काम मिळाले तरी मजुराच्या हाती वर्षाला २५,६०० रुपये पडत. म्हणजे नोमातील एका रात्रीच्या जेवणाला त्याची दीड वर्षाची हमी लागली असती. सभेत हा हिशेब मांडला तर टाळ्या हमखास पडतील. परंतु वादाच्या दृष्टीने तो पुरेसा नाही. डेन्मार्कमधील मजुरी आणि किंमतपातळी महाराष्ट्राच्या कित्येक पट आहे. तेथील ताट येथील मजुरीने मोजणे हे शास्त्रशुद्ध नव्हे. शिवाय महाग वस्तू म्हणजे शोषणाची वस्तू असे समीकरण मांडले तर हातमागावर विणलेली पैठणीही त्यात सापडेल, आणि स्वस्त कपड्यांच्या कारखान्यातील कामगारांची पिळवणूक मात्र सुटून जाईल. किंमत मोठी आहे एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही. त्या किमतीतून कोणाकोणाला काय मिळाले, हे पाहावे लागते.

आणि तेथेच नोमाचा धडा सुरू होतो. एवढी किंमत घेऊनही भटारखान्यातील फार मोठा भाग बिनपगारी होता. जगभरातून तरुण मुलेमुली तीन-तीन महिन्यांसाठी तेथे 'शिकाऊ' म्हणून येत. करोनाच्या साथीपूर्वी पगारी आचाऱ्यांच्या जवळजवळ बरोबरीने, तिसाच्या आसपास, बिनपगारी उमेदवार तेथे राबत असल्याचे प्रसिद्ध झाले आहे. रानपाल्याची पाने चिमट्याने एकेक करून निवडणे, फुलांच्या पाकळ्या लावणे, कवचे साफ करणे ही ती कामे. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या वृत्तांतात भारतातून गेलेल्या एका तरुणीचा अनुभव आला आहे. आंबापोळीप्रमाणे वाळवलेल्या फळांच्या गरातून भुंग्याच्या आकाराचे पदार्थ तयार करणे हे काम तिला तीन महिने देण्यात आले. काम करताना बोलण्यास, हसण्यासही मनाई होती, असे तिने सांगितले. हा अनुभव आमच्या येथील वातावरणाचे प्रतिनिधित्व करीत नाही, असा खुलासा नोमाच्या वतीने करण्यात आला. तो खुलासा खरा मानला तरी तीन महिने एकच पदार्थ करणारा शिकाऊ नेमके काय शिकतो, हा प्रश्न शिल्लक राहतोच. त्याला शिक्षण म्हणावे तर गिरणीत साच्यावर उभ्या राहणाऱ्या बदली कामगारालाही विद्यार्थीच म्हणावे लागेल.

टीका वाढल्यानंतर ऑक्टोबर २०२२ पासून नोमाने या उमेदवारांना वेतन देण्यास आरंभ केला. त्यामुळे महिन्याचा खर्च किमान ५० हजार डॉलरांनी वाढला, असे सांगण्यात आले. ५०० डॉलरांच्या जेवणाने भागले तर तो जेमतेम शंभर पाहुण्यांच्या ताटांचा पैसा झाला. पुढे तीनच महिन्यांनी, जानेवारी २०२३ मध्ये, नेहमीच्या स्वरूपातील उपाहारगृह २०२४ च्या अखेरीस बंद करून त्याची खाद्यप्रयोगशाळा करण्याचा मनोदय रेड्झेपी यांनी जाहीर केला. ही पद्धत पैशाच्या व मनाच्या, दोन्ही दृष्टींनी टिकणारी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. केवळ वेतनाच्या खर्चामुळे हा निर्णय झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु जगातील सर्वांत नावाजलेल्या उपाहारगृहाच्या प्रमुखानेच आपल्या धंद्याची बैठक टिकाऊ नाही असे सांगावे, हा कबुलीजबाब लहान नाही.

उमेदवारी की वेठ?

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की, हे तरुण स्वेच्छेने येतात. कोणी त्यांना दोरखंडाने बांधून आणत नाही. उलट अर्जांची रांग लागते, आणि नोमाचे नाव पदरी पडले की पुढे कोठेही दारे उघडतात. स्पेनमध्ये २०१७ साली दूरदर्शनवरील पाकस्पर्धेचे परीक्षक असलेल्या जोर्दी क्रूस यांनी, थोर आचाऱ्यांच्या हाताखाली बिनपगारी शिकणे ही पर्वणीच आहे अशा अर्थाचे विधान केले आणि त्यावर तेथे मोठे वादळ उठले.

गुरुगृही राबून विद्या मिळवण्याची परंपरा आपल्याकडेही जुनी आहे व तिच्याविषयी मराठी मनात आदर आहे. परंतु येथे दोन भेद करावे लागतात. एक म्हणजे, महागड्या परदेशी शहरात तीन महिने घरभाडे व खर्च पदरचा करून राबणे सर्वांना शक्य नाही. ज्याच्या बापाच्या गाठीला पैसा आहे त्यालाच ही 'स्वेच्छा' परवडते. गरीब घरातील कसबी मुलगा उंबरठ्यावरच गाळला जातो. दुसरा भेद असा की, गुरुगृही शिष्याच्या श्रमांची विक्री ५०० डॉलरांना होत नव्हती. जेथे श्रमाचे फळ बाजारात विकले जाते तेथे श्रमाला दाम मिळालाच पाहिजे, मग त्याला शिक्षण म्हणा वा सेवा. भारताने हे तत्त्व फार पूर्वी कायद्याने मान्य केले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन देणे मालकावर बंधनकारक केले. अंमलबजावणीत कुचराई होते, ही गोष्ट वेगळी. पण तत्त्व निःसंदिग्ध आहे.

डेन्मार्कच्या बाबतीत तर याहून मोठी विसंगती दिसते. त्या देशात किमान वेतनाचा कायदा नाही, कारण त्याची गरजच भासू नये इतक्या बळकट कामगार संघटना तेथे आहेत व वेतन सामुदायिक कराराने ठरते. अशा देशाच्या राजधानीत, तेथील सर्वांत प्रसिद्ध उपाहारगृहात, तिसेक माणसे बिनपगारी राबत होती. 'कामगार' या शब्दाऐवजी 'शिकाऊ' हा शब्द वापरताच तो मनुष्य कराराच्या छत्राबाहेर गेला. भारतात 'प्रशिक्षणार्थी', 'मानधनी', 'स्वयंसेविका', 'भागीदार चालक' अशी नावे देऊन हेच केले जाते. आशा कार्यकर्ती असो की घरोघर जेवणाचे डबे पोचवणारा दुचाकीस्वार, प्रथम त्याचे नाव बदलते आणि मग हक्क जातात. कोपनहेगनची हकिगत मराठी कार्यकर्त्याला परकी वाटू नये ती यासाठी.

या चित्राची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. नोमा सुरू झाल्यापासून तेथे भांडी घासण्याचे काम करणारा एक कामगार मूळचा आफ्रिकेतील गांबियाचा. २०१० साली पारितोषिक घेण्यासाठी मंडळी लंडनला निघाली तेव्हा त्याला प्रवेशपरवाना मिळाला नाही, म्हणून सहकाऱ्यांनी त्याचे चित्र छापलेले सदरे घालून ते पारितोषिक स्वीकारले. २०१७ साली रेड्झेपी यांनी त्याला धंद्यात भागीदार करून घेतले. आपण अनेक वर्षे हाताखालच्या माणसांवर ओरडत होतो, दांडगाई करीत होतो, अशी कबुलीही याच रेड्झेपींनी २०१५ साली लेख लिहून दिली होती. आपल्याकडे पंक्तीला वाढणारे हात आणि खरकटे काढणारे हात यांच्यामध्ये जातीची भिंत अजून उभी आहे. भांडी घासणाऱ्याला मालकीचा वाटा देणारे किती मराठी हॉटेलवाले दाखवता येतील? ज्या घरात भांडी घासणाऱ्याला भागीदारी मिळाली त्याच घरात पाने निवडणाऱ्याला आणखी पाच वर्षे पगार मिळाला नाही. व्यक्ती चांगली की वाईट हा वाद येथे गौण ठरतो. मालकाच्या मनातील औदार्य एकाला वाटा देते. नियम आणि संघटना सर्वांना वेतन देतात.

नावाचे भांडवल

एवढी किंमत घेऊनही वेतन देणे जड का जावे, हे कोडे अर्थशास्त्राला अगदीच अनोळखी नाही. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाट्य-संगीतादी कलांच्या अर्थकारणाचा अभ्यास करून दाखवले की, ज्या कामात यंत्राने श्रम वाचवता येत नाहीत तेथे खर्च इतर उद्योगांच्या मानाने सतत वाढत जातो. चिमट्याने पान लावण्याचे काम पन्नास वर्षांपूर्वी जितका वेळ घेई तितकाच आजही घेते. अशा वेळी तीनच मार्ग उरतात: किंमत वाढवायची, काम साधे करायचे, अथवा श्रम फुकट मिळवायचे. नामवंतांच्या उपाहारगृहांनी पहिला मार्ग धरला आणि तिसराही सोडला नाही.

मग पैसा कोठे मिळतो? याचे उत्तर स्पेनमधील 'एल बुली' या उपाहारगृहाने दिले. कातालोनियाच्या किनाऱ्यावरील या उपाहारगृहात फेरान आद्रिया यांनी पाककलेचे रूपच पालटले. हंगामात सुमारे ८ हजार पाहुण्यांची सोय होई आणि मागणी २० लाखांच्या घरात असल्याचे सांगितले जाई. तरीही ते उपाहारगृह अनेक वर्षे तोट्यात चालले. कमाई होती ती पुस्तके, व्याख्याने आणि सल्लागारी यांची. तेथेही दर हंगामाला तीस-पस्तीस बिनपगारी उमेदवार असत. जुलै २०११ मध्ये ते बंद झाले. म्हणजे उपाहारगृह ही काचेची खिडकी. दुकान त्यामागे दुसरेच. त्या खिडकीत जे तयार होते ते नाव, आणि त्या नावावर वसूल केला जातो तो खंड. जमीनदाराच्या खंडाची मीमांसा करताना रिकार्डोने जे सांगितले ते येथे थोड्या फरकाने लागू पडते. नदीकाठच्या जमिनीचा कस जमीनदाराने निर्माण केलेला नसतो. आचाऱ्याचे नाव मात्र निर्माण केलेले असते, पण एकट्याने नव्हे. तीस पगारी आणि तीस बिनपगारी हातांनी ते घडवलेले असते. फळ कसणाऱ्यांचे आणि सातबारा एकाच्या नावावर, अशी ही व्यवस्था आहे.

हे नाव तोट्याच्या वेळी कसे वागते ते इंग्लंडमध्ये दिसले. जेमी ऑलिव्हर यांनी २००२ साली लंडनमध्ये 'फिफ्टीन' हे उपाहारगृह काढून बेकार तरुणांना पाककलेचे शिक्षण देण्याचा उपक्रम केला, तो स्तुत्य होता. २००८ पासून त्यांच्या नावाची इटालियन उपाहारगृहांची साखळी पसरत गेली. मे २०१९ मध्ये ती कोसळली. २५ पैकी २२ उपाहारगृहे तत्काळ बंद झाली, त्यांत ते 'फिफ्टीन'ही होते, आणि सुमारे १ हजार माणसांचे काम गेले. ऑलिव्हर यांनी स्वतःची मोठी रक्कम त्यात घातली होती, हे खरे. तथापि त्यांची पुस्तके व कार्यक्रम त्यानंतरही चालू राहिले. नाव तरले, त्या नावाचा गणवेश घालून उभे असलेले वाढपी आणि आचारी बुडाले.

आणि बक्षिसीचे काय? न्यूयॉर्कमध्ये मारिओ बताली या दूरदर्शनवर गाजलेल्या आचाऱ्याच्या उपाहारगृहांवर, वाढप्यांच्या बक्षिसीतील हिस्सा व्यवस्थापनाने ठेवून घेतल्याचा दावा झाला. २०१२ साली ५२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवण्यात आला. भारतात बिलावर आपोआप लावल्या जाणाऱ्या सेवा-आकाराविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये निर्देश दिले व दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. पण हा आकार नोकरांच्या कल्याणासाठी आहे, असे उपाहारगृह चालकांचे म्हणणे होते. नोकरांचे कल्याण हे वेतनाच्या नोंदवहीत दिसले पाहिजे. पाहुण्याच्या मर्जीवर ते सोपवता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने हॉटेल कामगारांविषयी १९९१ साली जो करार संमत केला त्यातही हेच आहे की, बक्षिसी मिळो वा न मिळो, कामगाराला नियमित मूळ वेतन मिळाले पाहिजे.

चवीचे वैर नको

इतके वाचून काही निष्ठावंत कार्यकर्ते म्हणतील की, मग प्रश्नच मिटला. असल्या ठिकाणी जाऊच नये, पिठले-भाकर खावी. ही वृत्ती आदरणीय असली तरी तिच्यात एक धोका आहे. चांगले खाणे हा श्रीमंतांचा चोचला मानून सोडून दिले की चव ही श्रीमंतांचीच मालमत्ता होऊन बसते. समाजवादाला गरिबीची समान वाटणी अभिप्रेत नाही. कसबाने रांधलेले अन्न, स्वच्छ जागा, आदराने वाढणे आणि निवांत बसणे यांवर गिरणी कामगाराचाही हक्क आहे.

आणि हे शक्य आहे, याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. कॉफी मंडळाने आपली कॉफीगृहे बंद करण्यास काढली तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था स्थापून ती स्वतःच्या हाती घेतली. तुऱ्याचा फेटा बांधलेला वाढपी हा तेथे संस्थेचा सभासद असतो. त्या टेबलांवर कपभर कॉफीत तासन्‌तास राजकारण झाले, आणि दिल्लीतील असे एक कॉफीगृह आणीबाणीत, १९७६ साली, जमीनदोस्त करण्यात आले यातच त्याचे महत्त्व आले. मुंबईच्या गिरणगावात घरोघर खानावळी चालवून कामगारांना जेवू घालणाऱ्या स्त्रिया सावकाराच्या पाशात होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले आणि त्यांच्या रांधण्याला धंद्याची प्रतिष्ठा दिली. कमलाबाई ओगल्यांचे 'रुचिरा' १९७० साली आले, तेव्हा त्यांनीही नाव मिळवले. पण वाटी-चमच्याच्या मापाने आपली विद्या घरोघर वाटून मिळवले. पाककलेतील कीर्ती ही शोषणावाचून उभी राहत नाही, असे म्हणणाऱ्यांना ही उत्तरे आहेत.

मग जावे की नाही?

तेव्हा नामवंत बल्लवाचार्याच्या उपाहारगृहात जावे काय, याला सरसकट उत्तर देता येणार नाही. मात्र कसोट्या देता येतात. तेथे राबणाऱ्या प्रत्येक हाताला, शिकाऊ असला तरी, वेतन मिळते काय? ते वेतन बक्षिसीवर अवलंबून नाही ना? संघटना करण्यास मोकळीक आहे काय? दारावर ज्याचे नाव आहे तो तोट्याच्या दिवशी कामगारांची देणी आधी भागवील काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील आणि खिशाला झेपत असेल, तर जाणाऱ्याने आनंदाने जावे व दाद द्यावी. उत्तम कारागिरीला दाद देण्यात वैषम्य वाटण्याचे कारण नाही. उत्तरे नकारार्थी असतील तर तीन तारे असूनही ते ठिकाण जाण्याजोगे नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपूर्वीचे नोमा या कसोटीला उतरत नव्हते, असेच म्हणावे लागते. आणि ते बदलले ते पाहुण्यांच्या जिभेमुळे बदलले नाही. काम केलेल्यांनी तोंड उघडले, वृत्तपत्रांनी ते छापले, म्हणून बदलले.

जाता जाता एक गोष्ट मात्र कार्यकर्त्यांनी स्वतःला विचारावी. पक्षाची अभ्यासशिबिरे होतात, परिषदा होतात, बाहेरगावचे पुढारी कार्यकर्त्याच्या घरी उतरतात. श्रममूल्यावर रात्री उशिरापर्यंत व्याख्याने झडतात, आणि त्याच वेळी आतल्या खोलीत कोणाची तरी पत्नी, वहिनी, सून पन्नास माणसांच्या पोळ्या लाटत असते. तिला वेतन नाही, विद्यावेतन नाही, आणि चर्चेत जागाही नाही. तीही 'स्वेच्छेने'च करते, असे तिच्याविषयी सांगितले जाते. कोपनहेगनच्या भटारखान्याला जो प्रश्न विचारायचा तो येथेही विचारावा लागेल. पुढील शिबिराच्या अंदाजपत्रकात स्वयंपाकाच्या मजुरीचा रकाना प्रथम घालावा, पोळ्या लाटण्याची पाळी पुरुष कार्यकर्त्यांनाही लावावी, आणि व्याख्यान सुरू होण्यापूर्वी त्या आतल्या खोलीतील माणसे बाहेर येऊन पुढच्या रांगेत बसली आहेत की नाहीत, ते अध्यक्षांनी पाहावे.